एकाच पातेल्यातला खिमा-पास्ता: कोल्हापुरी चवीचं पोटभर जेवण

पास्ता करायचा म्हटलं की बहुतेक घरांत तीन भांडी निघतात. एकात पाणी उकळून पास्ता शिजवायचा, दुसऱ्यात सॉस करायचा आणि तिसरी चाळणी, पाणी गाळायला. गाळलेलं ते पांढुरकं पाणी मोरीत जातं आणि मग सॉस पातळ राहिला म्हणून वरून मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावायची वेळ येते. सगळं एकाच पातेल्यात केलं की यातलं काहीच करावं लागत नाही. ज्या पाण्यात पास्ता शिजतो, त्याचाच रस्सा होतो. पास्त्यातून सुटलेला स्टार्च रस्स्यातच राहतो, म्हणून रस्सा आपसूक दाट होतो आणि पास्त्याला धरून राहतो.

ज्या घरात चकोल्या होतात, त्या घराला हे नवीन नाही. उकळत्या वरणात कणकेच्या चकत्या सोडल्या की वरण कसं दाट होतं, तळाला लागू नये म्हणून ते कसं हलवत राहावं लागतं आणि ताटात वाढेपर्यंत आणखी कसं आळतं, हे आपल्या हाताला माहीत आहे. तोच हात इथं वापरायचा.

हे प्रमाण चार-पाच माणसांच्या रात्रीच्या जेवणाचं आहे. संध्याकाळचा खाऊ म्हणून वाटीभर पास्ता वेगळा आणि भाकरी-आमटी न करता सगळ्यांचं पोट भरायचं असेल तर वेगळा. म्हणून यात मटणाचा खिमा आहे, भाज्या आहेत आणि आपली कांदा-लसूण चटणी आहे. शाकाहारी घरांसाठी मटकीचा प्रकार पुढं दिला आहे. तो खिम्याला पर्याय म्हणून नव्हे, तर मुद्दाम करावा इतका चांगला लागतो.

पास्ता असा थेट रस्स्यात शिजवणं कितपत बरोबर, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी इटलीच्या दक्षिणेकडं बघावं. तिथल्या बारी शहरात 'स्पगेत्ती आल्लासासिना' नावाचा प्रकार करतात. कोरडी स्पगेत्ती आधी न उकळता सरळ लोखंडी पॅनमध्ये घालतात आणि टोमॅटोचं पातळ पाणी थोडं थोडं ओतत लसूण आणि लाल मिरचीसोबत शिजवतात, अगदी तळाला लागून खरपूस होईपर्यंत. तिखट आणि करपट कडांचा हा पास्ता कोल्हापूरच्या माणसाला परका वाटणार नाही.

साहित्य

मटणाचा खिमा ५०० ग्रॅम
पास्ता (पेन्ने किंवा फुसिली) ४०० ग्रॅम
कांदे ३ मध्यम, बारीक चिरून
लालभडक पिकलेले टोमॅटो ६ मध्यम, सुमारे ६०० ग्रॅम
लसूण १० ते १२ पाकळ्या आणि इंचभर आलं, दोन्ही ठेचून
गाजर १, ढबू मिरची १
कांदा-लसूण चटणी दीड ते दोन मोठे चमचे
हळद पाव छोटा चमचा
चिरलेला गूळ १ छोटा चमचा
शेंगतेल ३ मोठे चमचे
मीठ दीड ते दोन छोटे चमचे, एकदम न घालता टप्प्याटप्प्यानं
प्रोसेस्ड चीज ८० ते १०० ग्रॅम
पाणी ९०० मिलिलिटर, शिवाय शेजारच्या शेगडीवर दोन-तीन वाट्या आधण
कोथिंबीर, घरात सब्जाचं रोप असेल तर त्याची आठ-दहा पानं

बाजारातून आणताना

पास्त्याचं पाकीट उलटं करून मागची यादी वाचा. तिथं ड्युरम गव्हाचा रवा, म्हणजे 'ड्युरम व्हीट सेमोलिना', एवढंच लिहिलेलं हवं. ड्युरम हा कठीण दाण्याचा गहू. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातकुळीतला. यात प्रथिनं जास्त असतात आणि त्यांच्या जाळ्यात स्टार्च धरून ठेवला जातो, म्हणून पास्ता शिजला तरी त्याचा आकार टिकतो. मैद्याचा किंवा मैदा मिसळलेला स्वस्त पास्ता भरपूर पाण्यात उकळून गाळला तर एक वेळ चालून जातो. एका पातेल्याच्या पद्धतीत मात्र त्याची लापशी होते, कारण सुटलेला सगळा स्टार्च पातेल्यातच राहतो. खर्च करायचाच असेल तर इथं करा. परदेशी चीज आणि बाटलीतल्या सॉसवर पैसे घालवायची गरज नाही.

आकार निवडताना पेन्ने किंवा फुसिली घ्या. पेन्नेवर रेषा असलेली बरी, म्हणजे खिमा तिला चिकटतो. फुसिलीच्या वेढ्यांत तर तो अडकूनच बसतो आणि लहान मुलांना चमच्यानं खायलाही सोपं जातं. मॅकरोनी चालते, पण पटकन शिजते, तेव्हा लक्ष ठेवा. स्पगेत्ती पहिल्यांदा करणाऱ्यांनी टाळावी. पातेल्यात मावत नाही म्हणून मोडावी लागते आणि पहिल्या दोन मिनिटांत तिच्या जुड्या चिकटतात.

खिमा ज्या दिवशी करायचा त्याच दिवशी आणा. अखंड तुकड्यांपेक्षा खिमा लवकर खराब होतो, कारण कापल्यानं मांसाचा हवेशी आणि हाताळणीशी येणारा संबंध कितीतरी पटींनी वाढतो. दुकानात खांद्याचं किंवा मांडीचं मांस दाखवून समोरच करून मागा आणि थोडी चरबी राहू द्या. अगदी कोरडा खिमा शिजल्यावर दाताखाली वाळूसारखा लागतो. मशीनपेक्षा सुऱ्यानं हातानं केलेला खिमा जरा जाडसर निघतो आणि पास्त्यात तोच चांगला लागतो. घरी आणल्यावर बारीक गाळणीत धुऊन पंधरा मिनिटं निथळत ठेवा. निथळणं टाळू नका, ओला खिमा भाजला न जाता नुसता उकडतो.

टोमॅटो कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतून आणा की लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारातून, हाताला मऊ लागणारे आणि आतपर्यंत लाल असलेले घ्या. कच्च्या, कडक टोमॅटोंना रंग येत नाही आणि आंबटपणा तेवढा येतो. टोमॅटो आडवा कापून किसणीवर कापलेल्या बाजूनं किसला की गर खाली पडतो आणि साल हातात राहते. उकळून साल काढायचा खटाटोप वाचतो. टोमॅटो चांगले मिळत नसतील त्या दिवसांत प्युरीचं २०० ग्रॅमचं पाकीट आणि तीन टोमॅटो असं जमवता येतं.

चटणीबद्दल दोन शब्द जास्त लिहावेसे वाटतात, कारण या पास्त्याची चव तिथंच ठरते. घरच्या कांदा-लसूण चटणीत संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची असते, सुकं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला, तळलेला कांदा आणि भरपूर लसूण असतो. म्हणजे तिच्यात गरम मसाला आधीच आहे. वरून दालचिनी, लवंग, धणे-जिरे पूड घालू नका, पास्त्याचा गव्हाळ स्वाद पार दबतो. तिच्यात मीठही असतं, आणि प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. म्हणून मीठ घालण्याआधी चटणी बोटावर घेऊन चाखा. खोबरं आणि तीळ रस्सा दाट करतात, पण तेच आधी तळाला लागतात. म्हणून चटणी पडल्यापासून पातेल्याकडं पाठ फिरवायची नाही. विकतच्या पिवळसर मसाल्यानं हे साधत नाही. घरची चटणी संपली असेल तर शेजारी वाटीभर मागा, कोल्हापुरात कुणी नाही म्हणत नाही.

कुठलं पातेलं?

रुंद, जाड बुडाचं, साधारण पाच-सहा लिटरचं. सगळं घातल्यावर पातेलं दोन तृतीयांशाच्या वर भरता कामा नये, कारण पास्त्याचा स्टार्च फेस धरतो आणि उतू जातो. जाड बुडाच्या स्टीलचं सगळ्यात चांगलं. लोखंडी कढई इथं नको. बारी शहरातले लोक स्पगेत्ती त्यात करतात खरं, पण त्यांचं काम थोडक्या वेळात होतं. आपला टोमॅटो तासभर पातेल्यात राहतो, आणि एवढा वेळ आंबट रस लोखंडात राहिला की तो काळवंडतो आणि त्याला धातूची चव येते. कल्हई उडालेलं पितळी पातेलंही याच कारणानं वापरू नका.

असं पातेलं नसेल तर पाच लिटरचा कुकर काढा. त्याचं बूड जाड असतं. फक्त त्याचं झाकण बाजूला ठेवा आणि वर ताट झाका. शिट्टी लावून पास्ता शिजवण्याचे प्रकार सगळीकडं दिसतात, पण पास्त्याचा फेस शिट्टीच्या नळीत जाऊन ती तुंबू शकते. शिवाय आत काय चाललंय ते दिसत नाही आणि हलवता येत नाही. या पदार्थात तर सगळी कमाई हलवण्याची आहे. खिमा आधी शिजवून घ्यायला मात्र कुकर बिनधास्त वापरा.

कृती

साडेसातला गॅस पेटवला तर पावणेनऊला ताटं मांडता येतात. त्यातली पहिली पंचावन्न मिनिटं खिम्याची, शेवटची वीस पास्त्याची.

१. पातेल्यात तेल तापवून कांदा टाका. चिमूटभर मीठ घाला म्हणजे त्याला पाणी सुटून तो एकसारखा परततो. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटांत तो सोनेरी होतो. गुलाबी झाला की थांबायची घाई नको, नंतर उकळत्या रस्स्यात त्याला रंग येणार नाही. आलं-लसूण घालून मिनिटभर परता.

२. आता आच मोठी करा आणि निथळलेला खिमा घाला. कालथ्यानं गुठळ्या मोडत राहा. आधी खिमा पांढुरका होईल, मग पातेल्यात पाणी दिसेल आणि वाफेचा आवाज येईल. ते पाणी आटेपर्यंत तसंच परता. पाणी संपलं की आवाज बदलतो आणि खिमा तेलात तडतडायला लागतो. खरं भाजणं इथून सुरू होतं. यापुढं तीन-चार मिनिटं, मध्ये मध्ये हात थांबवून, खिमा तळाशी तपकिरी होऊ द्या आणि मग खरवडून उलटा. एकूण दहा मिनिटं तरी जातात. माझ्या मते या जेवणातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. तळाला धरलेला तो खरपूस थर पुढं टोमॅटोच्या पाण्यानं सुटतो आणि सगळ्या रस्स्याला मटणाची चव देतो. खिमा कच्चट पांढरा असतानाच टोमॅटो ओतला तर नंतर कितीही चटणी घाला, रस्सा पोकळच लागतो.

३. आच अगदी बारीक करा. हळद आणि चटणी घाला, अर्धी पळी पाणी शिंपडा म्हणजे चटणी जळणार नाही. मिनिटभर परता. ठसका न येता नुसता वास सुटला पाहिजे.

४. टोमॅटोचा गर, एक छोटा चमचा मीठ आणि गूळ घाला. गूळ गोडीसाठी नाही. टोमॅटोचा आंबटपणा बोथट करायला तो लागतो, आणि गुळाची पेठ असलेल्या या गावात त्या जागी साखर घालायचं कारण नाही. तळ खरवडत आठ मिनिटं शिजू द्या, कडेनं तेल सुटेपर्यंत.

५. एक वाटी आधण ओता, झाकण ठेवा आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं खिमा शिजू द्या. झाकणाऐवजी खोलगट ताट ठेवून त्यात पाणी घातलं तर दोन कामं होतात: वाफ आत थेंब होऊन परत पडते आणि ताटातलं गरम पाणी पुढं ओतायला मिळतं. मध्ये दोन-तीनदा ढवळा. खिमा बोटांनी दाबल्यावर सहज मोडला की झाला. घाई असेल तर हेच कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्यांवर होतं. मग वाफ गेल्यावर झाकण काढून पुढचं सगळं उघड्यावर करा. इथंपर्यंतचं काम सकाळी किंवा आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवलं तरी चालतं. नोकरी करणाऱ्यांना रात्रीचा पाऊण तास त्यामुळं वाचतो.

६. गाजराचे बारीक तुकडे आणि ९०० मिलिलिटर गरम पाणी घालून मोठ्या आचेवर खळखळून उकळी आणा. रविवारच्या मटणाचं अळणी सूप बाजूला काढलेलं असेल तर पाण्याऐवजी तेच वापरा, यापेक्षा चांगलं काही नाही. उकळी आली की चमचाभर रस्सा चाखून बघा. पास्ता उकळताना लिटरभर पाण्याला १० ग्रॅम मीठ घालावं हा इटलीकडचा नियम गाळून टाकायच्या पाण्यासाठी आहे. इथलं सगळं मीठ पोटात जाणार आहे आणि शेवटी चीजचंही मीठ वाढणार आहे. तेव्हा या घडीला रस्सा नेहमीच्या आमटीपेक्षा जरा अळणी लागला पाहिजे. अगदीच सपक वाटला तर अर्धा चमचा मीठ घाला.

७. पास्ता घाला आणि कालथ्यानं दाबून सगळा रस्स्याखाली बुडवा. पहिली दोन मिनिटं सतत हलवा. या वेळात पास्त्याचा बाहेरचा थर चिकट असतो. तेव्हा सुटा राहिला तर शेवटपर्यंत सुटा राहतो. मग आच मध्यम करा, झाकण थोडं तिरकं ठेवा आणि दर दोन मिनिटांनी तळापासून वर आणत हलवा. रस्स्याला सतत बारीक उकळी हवी. उकळी बसली तर पास्ता नुसता भिजून चिकट होतो.

वेळेचं गणित असं: पाकिटावर ११ मिनिटं लिहिलेली असतील तर इथं १३ ते १५ लागतात. पाकिटावरचा वेळ भरपूर साध्या पाण्याचा असतो. दाट, आंबट रस्स्यातून पास्त्यात पाणी हळू मुरतं. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळं आपल्याकडं पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. फरक लहान, पण मिनिटभर वाढतंच.

८. दहाव्या मिनिटाला ढबूचे तुकडे घाला आणि पास्त्याचा एक तुकडा काढून दाताखाली तोडा. मध्यभागी पांढरा ठिपका दिसत असेल आणि रस्सा संपत आला असेल तर अर्धी वाटी आधण घाला. थंड पाणी कधीही ओतू नका, उकळी मोडते आणि शिजणं थांबतं. ठिपका जवळजवळ गेला, दाताला किंचित कणी लागते आणि रस्सा अजून पास्त्याच्या वरपर्यंत हलतोय, अशा वेळी गॅस बंद करा. पातेल्यात बघून हे पातळ वाटेल आणि आणखी आटवावंसं वाटेल. तो मोह आवरा.

९. किसलेलं चीज, कोथिंबीर आणि सब्जाची हातानं तोडलेली पानं घालून एकदा ढवळा. सब्जा हा बेसिलच्याच जातीचा आहे, त्यामुळं त्याचा वास इथं जुळतो. झाकण ठेवून पाच मिनिटं थांबा. एवढ्यात राहिलेली कणी मुरते आणि रस्सा पास्त्याभोवती आवळतो. प्रोसेस्ड चीज अशा रस्स्यात एकसारखं मिसळतं, मोझरेलाच्या तारा येतात. मुलांना तारा आवडतात, मला मिसळलेलं चीज जास्त पटतं. घट्ट साय घोटून दोन चमचे घातली तरी रस्सा मऊ होतो, पण दूध ओतू नका, टोमॅटोच्या आंबटात ते फुटतं.

गॅस बंद करायच्या आधीच सगळ्यांना ताटावर बोलवा. हा पास्ता माणसांची वाट बघत बसला की आळतो.

तिखट किती?

एका घरात आजोबांना झणझणीत लागतं आणि चार वर्षांच्या नातीला नाही. पातेल्यात चटणी दीड चमच्यावर ठेवा आणि मिसळीच्या कटासारखा कट वेगळा करा. फोडणीच्या पळीत दोन चमचे शेंगतेल तापवून गॅस बंद करा, अर्धं मिनिट थांबा, मग एक छोटा चमचा चटणी आणि अर्धा चमचा ब्याडगीचं तिखट टाका आणि लगेच दोन चमचे पातेल्यातला रस्सा घाला. ज्याला हवं त्यानं वरून घ्यावं. लहानांसाठी चटणी आणखी कमी करून रंगापुरती ब्याडगी घातली तरी चालते, पण लसूण कमी करू नका.

सोबत काय? मिसळीबरोबर मिळतो तसा जाड स्लाइस ब्रेड तव्यावर भाजून, काकडी-कांद्याची दह्यातली कोशिंबीर आणि ताक. एवढ्यानं जेवण पुरं होतं.

बिघडत असेल तर

रस्सा फार पातळ राहिला आणि पास्ता शिजलेला आहे: झाकण काढा, पण गॅस वाढवू नका. पाच मिनिटं तसंच ठेवून हलवा, बहुतेकदा तेवढं पुरतं. तरीही पातळ असेल तर तीन-चार पास्ते कडेला दाबून मोडा आणि मिसळा, त्यांचा स्टार्च रस्सा धरेल.

पास्ता कच्चा आणि रस्सा संपला: वाटीभर आधण, झाकण, मंद आच, तीन मिनिटं. हेच एका वेळी एक वाटी करत करा.

तळाला लागलं: खरवडू नका. वरचा पास्ता हळूच दुसऱ्या भांड्यात काढून घ्या आणि पुढचं तिथं करा. थोडं लागलं असेल तर बिघडत नाही, जळका वास आला असेल तरच खालचा थर सोडून द्या. इंडक्शनवर मधोमध आच एकवटते, त्यामुळं तिथं दर मिनिटाला हलवावं लागतं.

खारट झालं: बटाट्याच्या फोडी टाकून मीठ ओढलं जात नाही, फोडींत रस्सा जातो तेवढाच. अर्धी मूठ पास्ता आणि वाटीभर आधण वाढवा, किंवा वाढताना घट्ट दही सोबत द्या.

मटकीचा पास्ता

खिम्याऐवजी पाव किलो मोड आलेली मटकी घ्या. मोड लहान असतानाची, एक दिवसाची मटकी चांगली, फार लांब मोडांची शिजल्यावर विरविरीत लागते. कांदा परतल्यावर मटकी मोठ्या आचेवर पाच मिनिटं कोरडीच परता, तिचा कच्चट वास जातो. मग चटणी, टोमॅटो, आणि टोमॅटोला तेल सुटल्यावर सगळं पाणी एकदम. उकळी आल्यावर मटकीला पाच-सहा मिनिटं पुढची चाल देऊन मग पास्ता घाला, म्हणजे दोन्ही एकाच वेळी होतात. खिम्याची वीस-पंचवीस मिनिटं इथं लागत नाहीत, त्यामुळं हे जेवण पाऊण तासात तयार होतं. पाणी मात्र वाटीभर जास्त लागतं, कारण मटकीही पिते. चीज थोडं कमी घालून वरून कच्चा कांदा आणि कोथिंबीर घातली तर फार सुरेख लागतं. सोयाचे दाणे घालूनही हा पास्ता करतात. त्यापेक्षा मला मटकी शंभर वेळा पसंत.

पांढऱ्या रस्स्याची ओढ असणाऱ्यांनी कधीतरी हे करून बघावं: ४०० ग्रॅम बोनलेस चिकन, आलं-लसूण, हिरवी मिरची, आणि काजू-तीळ-खसखशीचं वाटण. चिकन परतून, अळणी सूप किंवा पाणी घालून त्यातच पास्ता शिजवा आणि गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी वाटीभर घट्ट नारळाचं दूध घाला. आधी घालून उकळलं तर दूध फुटतं. यात चीज नको.

माणसं जास्त असतील तेव्हा

आठ-दहा माणसांसाठी खिमा एक किलो आणि पास्ता ८०० ग्रॅम, पण पाणी सरळ दुप्पट करू नका. पातेल्याचं तोंड दुप्पट रुंद होत नाही, त्यामुळं वाफ तेवढ्या प्रमाणात उडत नाही. १६०० ते १७०० मिलिलिटरवर सुरू करा आणि लागेल तसं आधण वाढवा. मोठ्या पातेल्यात उष्णताही जास्त वेळ राहते, म्हणून गॅस मिनिटभर आधी बंद करा. किलोभर पास्त्याच्या पुढं एका पातेल्याचा हट्ट धरू नका. खालचा मऊ आणि वरचा कच्चा राहतो. दोन पातेली करा, एकात खिमा, एकात मटकी.

उरलं तर

जेवणं झाल्यावर पातेलं तसंच ओट्यावर ठेवून झोपू नका. दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात त्याहून लवकर, उथळ डब्यात पसरून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. थंड झाल्यावर पास्ता सगळा रस्सा पिऊन टाकतो आणि डब्यात वडीसारखा बसतो, ते साहजिक आहे. गरम करताना दर वाडग्याला पाव ते अर्धी वाटी उकळतं पाणी घाला, झाकून मंद आचेवर ठेवा आणि पूर्ण वाफाळेपर्यंत तापवा. नुसतं कोमट करून खाऊ नका. दुसरा प्रकार तव्याचा: चमचाभर तेल सोडून पास्ता पसरा, न हलवता तीन-चार मिनिटं खाली कुरकुरीत होऊ द्या, उलटा, वर थोडी चटणी भुरभुरा. सकाळच्या नाश्त्याला हा फार छान लागतो, पण घरीच खायला द्या. खिम्याचा पास्ता शाळेच्या डब्यात चार-पाच तास राहू देऊ नका, विशेषतः मार्चनंतरच्या उन्हात.